अंडं चावायचं नाही

नानांनी सुरी हातात घेतली तेव्हा अजून उजाडायचं होतं. शेजारच्या घरात रेडिओवर भजनासारखं काही लागलं होतं, कोंबडे आरवत होते आणि अंगणातल्या कोळशाच्या शेगडीवर पातेल्यातलं पाणी कढत होतं. मांडीएवढा जाड, हातभर लांब कंद त्यांनी पुढ्यात ओढला. वरची खरबरीत तपकिरी साल त्या जाड जाड उतरवत गेल्या तसा आतला पांढराशुभ्र, चिकट गर दिसू लागला. एक काप त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. अळूच्या मुंडलीसारखा बुळबुळीत लागला. "पोना," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवसाला पोनाच हवा. दुसरा चालत नाही."

नाना म्हणजे आजी. घानातल्या अकान लोकांत आजी नाना, आजोबा नाना आणि राजाही नानाच. या नाना सत्तरी ओलांडलेल्या, दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. त्यांच्या धाकट्या नातीचा त्या दिवशी बारावा वाढदिवस होता. नात आत गाढ झोपली होती. संध्याकाळी केक येणार, शाळेतल्या मैत्रिणी येणार, फुगे लागणार. मग पहाटे साडेचारला हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं. "केक मैत्रिणींसाठी," नाना म्हणाल्या. "हे तिच्यासाठी." जरा थांबून त्यांनी स्वतःच्या छातीवर बोटं टेकवली. "आतल्या तिच्यासाठी."

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘पहिला घास’ असा कळवला तेव्हा मनात आधी आपलंच सगळं आलं. उष्टावण, पानाभोवतीची चित्राहुती, श्राद्धाच्या दिवशी कावळ्याकडे लागलेले डोळे. पण माझी भाची अक्राला नोकरीला आहे, आणि तिच्या एका मैत्रिणीने सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. ही मैत्रीण मोठ्या अपघातातून वाचली. घरी आणल्यावर आईने तिला पांढरं नेसवलं, कुस्करलेला कंद आणि उकडलेली अंडी पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "खा. तू निघून गेली नाहीस, तुझे आभार मान." देवाचे आभार मानून झाले होते, डॉक्टरांचेही. हे आभार तिने तिचे स्वतःचे मानायचे होते. असा घास आपल्याकडे मला आठवेना, म्हणून मी तीन आठवडे घानात जाऊन राहिले. ही मैत्रीण कुमासीची. नाना तिची आई.

पाट्याची खरखर, तेलाचा रंग

त्या पदार्थाचं नाव एतो. शिजलेला कंद पाणी निथळून असांकात घालतात. असांका म्हणजे आतून बारीक रेघा पाडलेलं मातीचं पसरट भांडं. आपल्या पाट्याला टाकी लावलेली असते तशा त्या रेघा. वाटायला डमरूच्या आकाराचा लाकडी बत्ता, तापोली. तो मधोमध, कमरेला धरायचा आणि मनगट फिरवत राहायचं. नानांचा हात गोल फिरत होता आणि भांड्यातून एकसारखी खरखर येत होती. गुठळी राहता कामा नये.

गोळा मऊ झाला तसा त्यातला मूठभर त्यांनी काढून एका बशीत ठेवला. मीठ नाही, मिरची नाही, तेलाचा थेंबही नाही. नुसता पांढरा. "हा मोठ्यांचा," म्हणाल्या. मोठे म्हणजे गेलेले. बशी अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीशी ठेवून त्या परत आल्या आणि त्याबद्दल आणखी काही बोलल्या नाहीत. पितरांच्या आणि दैवतांच्या एतोत मीठ-मिरची घालत नाहीत, ही जुनी रीत. मिरची आपल्यासारखीच त्यांच्याकडेही अमेरिकेतून समुद्रावरून आलेली. ज्या पूर्वजांनी ती चाखलीच नाही त्यांना ती कशी रुचेल, असं मला बशीकडे पाहताना वाटलं. हा माझा तर्क. नानांचं उत्तर साधं होतं: "त्यांना तिखट आवडत नाही."

उरलेल्या गोळ्यासाठी दुसऱ्या शेगडीवर तेल तापलं. पाम तेल म्हटलं की आपल्याला रेशनवर मिळायचं ते फिकं पामोलीन आठवतं. हे तसं नव्हे. न गाळलेलं, ताडाच्या जातीच्या झाडाच्या फळाचं हे तेल कुंकवात भगवा मिसळावा तशा रंगाचं असतं, आणि सकाळच्या गारव्यात तुपासारखं थिजतं. त्यात कांदा पडला, वास गल्लीभर गेला, आणि पांढरा गोळा बघता बघता केशरी झाला. लाल रंग अकान लोकांत शोकाचा; अंत्यविधीला लोक काळं-तांबडं नेसतात. मग वाढदिवसाच्या ताटात हा रंग कसा? मी मोठ्या उत्सुकतेने विचारलं. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की तेलाने चव येते.

वर सोललेली उकडलेली अंडी ठेवली. अख्खी. कापून, फोडी करून नाही.

पळून जाऊ शकणारा जीव

अकान ही एकच जमात म्हणणं बरोबर नाही. असांते, फांते, अकुआपेम, अक्येम, बोनो असे बरेच समाज त्यात येतात. घानाची निम्म्याच्या आसपास लोकसंख्या अकान आहे, आणि शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्येही ते आहेत. भाषेची रूपं वेगळी, राजे वेगळे, पण माणूस कशाचा बनलेला असतो याबद्दलची समजूत बरीचशी एक. रक्त आईकडून येतं, म्हणून कूळ आईचं. बापाकडून एक तेज येतं, त्याचे स्वतःचे नियम असतात, अमुक प्राण्याचं मांस वर्ज्य, अमुक दिवशी स्नान. आणि तिसरा अंश, क्रा, तो न्यामेकडून, म्हणजे परमेश्वराकडून येतो आणि मेल्यावर त्याच्याकडे परत जातो.

आपण ‘आत्मा’ म्हणतो तेव्हा जे डोळ्यांसमोर येतं त्यापेक्षा क्रा फार घरगुती आहे. तो रुसतो. घाबरतो. अपमान झाला, मोठा धक्का बसला, सतत वाईटसाईट कानावर पडलं तर तो माणसाला सोडून जाऊ बघतो, आणि मग माणूस सुकत जातो. त्याला धुवावं लागतं, पांढरं ल्यायला द्यावं लागतं, गोड बोलावं लागतं, खाऊ घालावं लागतं. आजारातून उठलेल्याला, परीक्षेत पास झालेल्याला, कोर्टात जिंकलेल्याला, बाळंतिणीला एतो आणि अंडं मिळतं ते यासाठी. ते अन्न जातं माणसाच्याच पोटात. पण वाढणारी वाढताना ज्याच्याशी बोलते तो त्याच्या आत बसलेला असतो.

क्रा ज्या वारी पृथ्वीवर उतरला तो वार त्याचं नाव होतो. सोमवारी जन्मलेला मुलगा कोजो, मुलगी अजोआ, शुक्रवारचा कोफी, मुलगी अफुआ, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस राहिलेले कोफी अन्नान 1938 साली 8 एप्रिलला, शुक्रवारीच जन्मले. घानाला स्वातंत्र्य मिळवून देणारे क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. गोष्टींतला लबाड कोळी, क्वाकू अनान्से, बुधवारचा. मीही बुधवारची आहे, हे कळल्यावर नानांच्या घरात माझं नाव तत्काळ अकुआ झालं आणि तीन दिवसांत मी त्याला ओ देऊ लागले.

नाव ठेवतात आठव्या दिवशी, पहाटे. मूल आठ दिवस टिकलं म्हणजे ते पाहुणं नाही, राहायला आलंय, असं धरायचं. घरातलं वडीलधारं माणूस दोन पेले घेतं, एकात पाणी, दुसऱ्यात दारू. बोट बुडवून पाण्याचा थेंब बाळाच्या जिभेवर ठेवतात आणि सांगतात: पाणी असेल तर पाणी म्हण. मग दारूचा थेंब: दारू असेल तर दारू म्हण. बाळ तोंड वाकडं करतं, बाया हसतात. त्या मुलाच्या जिभेला आयुष्यात पहिल्यांदा विधीने जे लागतं ते म्हणजे खऱ्या-खोट्यातला फरक. नानांच्या गल्लीत एका घरी मी हे बघितलं. बाळाने दोन्ही थेंब शांतपणे चाटले आणि झोपून गेलं.

एवढं महत्त्व असलेल्या क्राची राजाच्या घरी निराळी व्यवस्था असणारच. असांतेहेनेच्या, म्हणजे असांतेंच्या राजाच्या दरबारी त्याचा क्रा शुद्ध ठेवणारे खास सेवक असत आणि गळ्यात सोन्याची नक्षीदार चकती घालत. 1874 साली इंग्रजांनी कुमासी लुटली तेव्हा असल्या चकत्याही लंडनला गेल्या. 2024 मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांनी मिळून 32 वस्तू कुमासीच्या मान्शिया राजवाड्यातल्या संग्रहालयाला दिल्या, त्यात अशी चकती होती. दिल्या म्हणजे उसन्या दिल्या. ज्याच्या घरातून नेलं त्यालाच मुदतीने द्यायचं, हे मला अजून पटलेलं नाही.

यामची राणी

पोना हा याम. आपल्याकडे कोकणात, वसईकडे मिळणारं कोनफळ, कारांदे, कणगर, ही सगळी त्याच कुळातली भावंडं. कुमासीच्या बाजारात अफासे नावाचा जो पाणचट कंद मिळतो तो तर साक्षात कोनफळ आहे, जातही तीच, आणि तो मूळचा आपल्या आशियातलाच. पोना मात्र पांढऱ्या यामच्या जातीचा, पश्चिम आफ्रिकेच्या मातीत माणसाळवला गेलेला. आज घानातला माणूस रोज खातो त्यातलं बरंचसं बाहेरून आलेलं आहे. कसावा आणि मका अमेरिकेतले, कच्ची केळी आशियातली. यामशी जुनी ओळख. मानाचं ताट मांडताना तो आधी का आठवतो, हे त्यावरून मला कळल्यासारखं वाटलं. केळ्याचाही एतो करतात आणि तो चवीला छान लागतो, पण नानांचा आग्रह तुम्ही ऐकलाच.

कुमासीचा केजेतिया बाजार म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक. इथे प्रत्येक मालाची एक राणी असते. टोमॅटोची राणी, कांद्याची राणी आणि यामची राणी, बायेरेहेमा. बायेरे म्हणजे याम, ओहेमा म्हणजे राणी. ती व्यापारी बायकांतूनच निवडलेली असते. भांडणं सोडवते, कुणी मेलं तर सगळ्यांना घेऊन मयताला जाते, बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांशी सगळ्यांच्या वतीने बोलते. याम किलोवर घाऊक विकला जात नाही, नगावर जातो, शंभराच्या हिशेबाने. उत्तरेकडून, एजुरा-किंताम्पोकडून ट्रक येतो, पोरं डोक्यावरून कंद उतरवतात आणि ठोक व्यापारी बाई काठीएवढ्या अंतरावर उभी राहून मोजते. हाताने टकटक केल्यावर आवाज कसा येतो त्यावरून ती आतला सडका ओळखते. मला तिने तीनदा ऐकवलं. मला तिन्ही आवाज सारखेच वाटले.

नवा याम दैवताला आणि पितरांना दिल्याशिवाय खायचा नाही, असा दंडक अकान राज्यांत जागोजागी आहे. हा दंडक शेताच्या बांधावर उभं राहून समजून घेतला पाहिजे. पांढऱ्या यामची दोनदा काढणी होते. पाच-सहा महिन्यांनी शेतकरी मातीचा उंचवटा एका बाजूने हळूच उकरतो, वेल न दुखवता मोठा कंद मानेखाली कापून घेतो आणि माती परत लोटतो. वेल जिवंत राहते आणि उरलेल्या मानेला लहान लहान कंद धरते. पुढच्या वर्षीचं बेणं म्हणजे हे लहान कंद. भूक लागली म्हणून कुणी आधीच खणलं तर कंदही कोवळा निघतो आणि बेण्याचंही नुकसान होतं. नव्या काढणीच्या आधीचे महिने जुना याम संपत आलेला आणि नवा जमिनीत, असे ओढीचे असतात. नेमक्या त्या दिवसांत हात आवरायला लावायचा तर नुसत्या हिशेबाने माणूस ऐकत नाही. आजोबांनी अजून खाल्लं नाही, मग तू कसा खाशील, एवढं म्हटलं की ऐकतो.

ज्या गुरुवारी सगळी दारं उघडी होती

कुमासीला जाण्याआधी मी अक्रोपोंगला होते. अक्राच्या उत्तरेला अकुआपेमच्या डोंगरमाथ्यावर, तास-दीड तासाच्या वाटेवर हे गाव आहे. तिथला ओद्विरा सण साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. ओद्विरा म्हणजे शुद्धी. आधीचे सहा आठवडे गावात ढोल वाजत नाही, मोठ्याने रडत नाहीत, नवा याम खात नाहीत. मग एक आठवडा उसळतो. सोमवारी राजांच्या समाधीस्थानाकडे जाणारी वाट साफ करतात, मंगळवारी तिकडून शुद्धीचं द्रव्य वाजतगाजत गावात येतं आणि यामवरची बंदी उठते. बुधवारी गाव काळं-तांबडं नेसून वर्षभरात गेलेल्यांसाठी रडतं. आणि गुरुवारी जेवतं.

त्या गुरुवारी मी आणि भाची रस्त्याने निघालो आणि दहाव्या पावलाला कुणीतरी हाक मारून आत बसवलं. ओळख ना देख. आधी पाणी दिलं. अकान घरात पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय आलात कशाला हे विचारत नाहीत. पाणी पिऊन झालं की मग रीतसर विचारतात आणि पाहुण्यानेही रीतसर सांगायचं असतं. आम्ही सांगितलं. मग फुफू आलं. उकडलेला कसावा आणि कच्ची केळी उखळात कांडून केलेला लुसलुशीत गोळा, भोवती पामच्या फळाचं लालभडक दाट कालवण. उजव्या हाताने तोडायचं, कालवणात बुडवायचं आणि न चावता गिळायचं. पाच घरांत आम्हांला बसवलं. तिसऱ्या घरापासून नुसतं बोट लावलं तरी चालतं, हे भाचीला ठाऊक होतं म्हणून निभावलं.

दुपार कलली तशा बायका निघाल्या. डोक्यावर पितळी परात, लाकडी कठवत, त्यात एतो, अंडी, मांस, वर पांढरं फडकं. नसोरेम नावाच्या पितरांच्या जागेकडे रांग चालली होती. कुणाच्या अंगात आलं होतं आणि तिला दोघी धरून चालत होत्या. दोन्ही बाजूंनी ठासणीच्या बंदुकांचे बार उडत होते. धूर, धूळ, घाम, पाम तेलाचा वास. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मास्तरांना मी विचारलं, हे सगळं अन्न कुणी खातं का? ते म्हणाले, "तुम्ही सकाळपासून काय खाताय?" म्हणजे काय ते मला परतीच्या वाटेवर उमगलं. अख्खं गाव त्या दिवशी आपल्या मेलेल्यांच्या घरी जेवायला बसलेलं असतं. यजमान ते. म्हणूनच दारं उघडी.

त्या रात्री मात्र दारं कडेकोट बंद. पूर्वजांची काळी आसनं धुण्यासाठी ओढ्यावर नेतात, आणि ती बघायची नसतात. दिवे घालवून आम्ही खोलीत बसलो होतो. बाहेर एकही कुत्रं भुंकत नव्हतं, निदान मला तरी ऐकू आलं नाही. यजमानीण अंधारात कुजबुजत होती की तिच्या लहानपणी तिची आजी या रात्री मुलांच्या अंगावर पांघरूण ओढून धरायची.

या गावात ख्रिस्ती मिशन काल आलेलं नाही. बाझेल मिशनचे लोक 1835 साली इथे पोचले. मंगळुरी कौलं ज्यांच्या कारखान्यांमुळे कोकणातल्या घरांवर चढली, तेच हे मिशन. धर्मांतर केलेल्यांसाठी त्यांनी गावाच्या कडेला सालेम नावाची वेगळी वस्ती केली, म्हणजे ढोल आणि परात यांच्यापासून माणसं लांब राहतील. आज ओद्विराच्या मिरवणुकीतल्या कित्येक बायका रविवारी चर्चच्या गायकवृंदात उभ्या राहतात. काही जणी देत असलेलं कारण असं की आईवडिलांना मान द्या ही तर बायबलमधलीच आज्ञा आहे. काही पास्टर अजून विरोध करतात, विशेषतः जमिनीवर दारू शिंपून पूर्वजांना बोलावण्याला. नाना स्वतः दारू शिंपत नाहीत. पण पांढऱ्या गोळ्याची बशी ठेवतात.

बेचाळीस दिवसांची चाळिशी

कुमासीत दर सहा आठवड्यांनी एका रविवारी अक्वासिदाये येतो. अकान पंचांगात दोन आठवडे शेजारी शेजारी चालतात, एक सहा दिवसांचा, एक सात दिवसांचा. दोन्हींची गाठ बेचाळीस दिवसांनी पुन्हा तीच पडते. या चक्राला ते अदादुआनान, म्हणजे चाळीस दिवस म्हणतात, आणि मोजतात बेचाळीस. आपल्याकडे वार आणि तिथी यांची गाठ बघून दिवस ठरवणाऱ्यांना हे सांगायला नको. एका चक्रात अदाये दोनदा: एक रविवारचा, एक बुधवारचा.

आदल्या शनिवारी राजवाड्यात लाकडं, पाणी, याम, मेंढ्या यांची जमवाजमव चालते. रविवारी सकाळी असांतेहेने आसनगृहात जातो. तिथे त्याच्या पूर्वजांची काळी आसनं असतात. चांगल्या राजाचं बसण्याचं आसन तो गेल्यावर चुलीची काजळी आणि अंड्याचा बलक माखून काळं करतात आणि त्यातून तो पुढे राहतो. कुमासीचे बिशप असलेले पीटर सार्पोंग यांनी 1971 साली या आसनांवर पुस्तक लिहिलं. कॅथलिक बिशपने आपल्या लोकांच्या पितरांच्या आसनांविषयी इतक्या जिव्हाळ्याने लिहावं, याचं मला फार अप्रूप आहे. आत प्रत्येक आसनापुढे एतो आणि मेंढीचं मांस ठेवतात. बाहेरच्याला आत प्रवेश नाही, आणि नसावाच. मी फाटकाबाहेर उन्हात उभी होते. आतून शिंगं वाजली तशी माझ्या पुढची म्हातारी पायातल्या चपला काढून अनवाणी झाली.

दुपारी राजा चौकात येऊन बसतो आणि मांडलिक एकेक करून भेटतात. सगळ्यांच्या पुढे ओच्यामे, राजाचे बोलके, सोन्याचा पत्रा मढवलेल्या काठ्या घेऊन उभे. एका काठीच्या टोकावर हाताची मूठ आणि मुठीत अंडं. सत्ता अंड्यासारखी असते: आवळलीत तर फुटेल, सैल धरलीत तर पडेल. सकाळी नानांच्या ताटात बघितलेलं अंडं दुपारी राजसभेत सोन्याचं होऊन समोर आलं.

गिळलेलं

अंड्याचं खरं वजन मला नानांनी सांगितलं, वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता. त्या पहिल्यांदा न्हाल्या तेव्हा त्यांच्या गावी ब्रागोरो, म्हणजे मुलगी वयात आल्याचा विधी, अजून होत असे. आई पहाटे उठून गावभर सांगत फिरली. मग राजमातेकडे निरोप. पोरीला नटवून, शिरे नावाच्या पांढऱ्या मातीचे पट्टे ओढून, चौकात पांढऱ्या वस्त्रावर ठेवलेल्या आसनावर बसवलं. तीनदा बसवायचं आणि उठवायचं, मग टेकवायचं. ओढ्यावर नेऊन न्हाऊ घातलं. आणि मग आनोका, म्हणजे तोंडाला लावणं. एतो ओठांना लावला, केळं लावलं, भाजलेले दाणे लावले. हत्तीच्या कातड्याचा तुकडाही लावला; हत्तिणीने तुला तिची कूस द्यावी, अशी त्यामागची इच्छा. आणि शेवटी उकडलेलं, सोललेलं अंडं.

"ते चावायचं नाही," नाना म्हणाल्या. "अख्खं गिळायचं. दात लागला तर स्वतःच्या पोरांना दात लागला."

अंड्याला दार नाही, शिवण नाही. जीव आत आहे आणि कुठून आत गेला कळत नाही. ते गुळगुळीत असतं, बाळंतपण तसं सरळ व्हावं. इतकं सगळं त्या दोन इंचांत भरून ते तेरा वर्षांच्या मुलीच्या घशाखाली उतरवायचं, सगळं गाव बघत असताना. नानांनी हाताने गळ्यापाशी दाखवलं. "इथे अडकलं. मला वाटलं मी मरते. आईने पाठीवर हात ठेवला होता. तो हात काढला नाही तिने." त्यांना सहा मुलं झाली, पाच जगली.

या विधीचं नुसतं कौतुक मी करणार नाही. ब्रागोरो होण्याआधी मुलीला दिवस गेले तर तिला आणि तिच्या जोडीदाराला गावाबाहेर काढत, बळी देऊन गाव शुद्ध करून घेत. मुलीची किंमत तिच्या कुशीवर ठरवणारी ही रीत आहे, हेही खरं. नानांच्या मुलींचं ब्रागोरो झालं नाही. शाळा होती, चर्च होतं, आणि काळ बदलला होता. पण नाना म्हणाल्या की त्या दिवशी एवढ्या लोकांनी त्यांचं नाव घेऊन त्यांच्यासाठी चांगलं मागितलं तेवढं पुढे कधीच कुणी मागितलं नाही. लग्नातही नाही. हे त्या हसत सांगत नव्हत्या.

मग मी मरणाचं विचारलं. जवळचं माणूस गेलं की पुरेपर्यंत रक्ताचे लोक अन्न घेत नाहीत. आणि माणूस जात असताना शेवटचं पाणी तोंडात सोडतात, त्याचं नाव घेऊन, मागे राहिलेल्यांचं बरं कर असं सांगून. ते पाणी ज्याच्या हातून गेलं नाही त्याला आयुष्यभर रुखरुख राहते. हे नानांनी सांगितलं तेव्हा मी काही बोलले नाही. माझ्या वडिलांना पाणी घालायला मी वेळेवर पोचले नव्हते. नानांनी बहुधा ओळखलं. शेंगांची परात त्यांनी माझ्याकडे सरकवली आणि आम्ही दोघी फोडत राहिलो.

बुधवार

मी निघण्याच्या आदल्या दिवशी बुधवार होता. पहाटे खरखर ऐकू आली म्हणून बाहेर आले तर असांका पुढ्यात घेऊन नाना बसलेल्या. वाढदिवस कुणाचाच नव्हता. "अकुआचा वार," त्या म्हणाल्या. "उद्या विमानात बसणार. इतकं लांब जायचं तर तिला विचारायला नको?"

त्यांनी मला त्यांचं पांढरं वस्त्र खांद्यावर दिलं आणि छोट्या स्टुलावर बसवलं. नातही डोळे चोळत आली, शाळेच्या गणवेशात. बशीत केशरी गोळा, वर दोन अंडी. आधी पांढरा मूठभर कोपऱ्यात जाऊन पोचलाच होता. नानांनी मला माझ्या नावाने हाक मारायला सांगितलं, मोठ्याने, मीच मला. जीभ उचलेना. पंचावन्न वर्षांत मी स्वतःला कधी हाक मारली नव्हती. शेवटी म्हटलं, आधी अकुआ, मग आई लहानपणी मारायची ते नाव. नाना त्यांच्या त्वी भाषेत काही पुटपुटल्या आणि त्याचं भाषांतर कुणी केलं नाही.

अंडं हातात घेतलं तेव्हा ते अजून कोमट होतं. मी नानांकडे बघितलं. "चाव, चाव," त्या म्हणाल्या, "तुझं झालंय आता सगळं." आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मी चावलं. दुसरं अंडं नातीने कधी उचललं ते कळलंच नाही. असांकाच्या रेघांत अडकलेला केशरी एतो ती बोटाने निपटून खात होती आणि बाहेर शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजत होता.